धोंड्याची सुटी-सुटी गाडी

तोडली म्हंते! मी! आता तुमीच सांगा, कपाळाले टिळा, डोक्श्यावर नवी टोपी, पुढ्यात अनारश्याचं ताट, असा पाटावर मांडी घालून बसवलेला जवाई कशी तोडीन गाडी? म्या निस्तं खोक्याचं झाकन उचललं बाप्पा! फकस्त झाकन! अन् आतून गाडीच्या जागी निंगाल्या पुड्या... इस्क्रूच्या पुड्या, चाकाच्या पुड्या, तारा, पट्ट्या, काळे काळे रबरं... तं त्याले मी काय करू? पन नाई. आमचे सासरे, आसेगावचे मारोतराव, यायनं खोक्यात डोकावून पायलं, मंग माह्याकडे पायलं, अन् मान राखून, एकदम हळू आवाजात इचारलं, "जवाईबुवा... जरा जोरात उघडलं काय?"

तुमाले सांगतो, धोंड्याचा महिना म्हंजे जवायाचा महिना. तीन सालातून एकडाव येते. बाकीचे दिवस ज्याले "आला वाटते पुन्ना" म्हंतात, त्याच जवायाचे त्या महिन्यात पाय धुतात, त्याले देव म्हंतात, अनारसे खाऊ घालतात अन् हातावर वान ठेवतात. कोनी चांदीची वाटी देते, कोनी आंगठी देते, ज्याची जशी ऐपत. अन् मले यंदा काय भेटनार होतं? मोटार! हो, मोटार! आमचा साळा अंबादास बोटीवर लायटिंगचं काम करते. बोट गेल्ती जपानले. तठून त्यानं एका गाववाल्यासंगं खोकं धाडलं अन् निरोप धाडला, का भाऊजीले धोंड्याचं वान माह्याकडून, रेडिओवर चालनारी गाडी हाये. एवढं सांगून तो गेला पुन्ना समुद्रात. आता समुद्रात कोनाले इचारता?

अन् सासऱ्यायले कुठी दम हाये! यायनं साऱ्या आसेगावात सांगतलं, "पोरानं जवायाले मोटार धाडली जपानहून!" लोकं वावरातले कामं सोडून आले ना! आंगनात ही गर्दी! एक बुढा तं खोक्याकडे पाहून म्हंते, "एवढ्याशा डब्ब्यात मोटार कशी मावली वो?" सासरे म्हंते, "जपानची हाये. तिकडचे लोकं बारीक बांधतात." असा सारा थाट! खोक्यावर चित्रई काय... लालभडक गाडी, काळे चाकं, पाहूनच वाटे का आता उडते. अन् मी झाकन उचललं.

तुमी इचारसान, का सुटी गाडी सुटीच असते, तिले जोडा लागते, हे कोनाच्या ध्यानात कसं नाई आलं? अहो कसं येईन? पैसे मोजून सुटी वस्तू कोन इकत घेते? बैलबंडी घ्याले गेलं तं बंडीवाला काय तुमाले चाकं, आरे, धुरा सारं पोत्यात भरून देते अन् म्हंते का घ्या, जोडा, मजा येईन? मजा! अशी मजा त्या जपानातच लोकाईले येत असंन. आमच्याकडे सुटं म्हंजे फुटलं. सीदी गोठ हाये.

सासूबाई, गोजराबाई, त्याइच्या तोंडून निंगालं, "माय वं! फुटली!" झालं. गर्दीतून एकजन म्हंते, एस.टी.च्या टपावरून खोकं आपटलं असंन. दुसरा म्हंते, नाई, समुद्राच्या लाटाईनं खिळखिळं झालं. अन् याइच्या सर्वाइच्या वर आमची बुढी! आमची माय, रंगूबाई, मंगरूळपीरहून आमच्यासंगं आल्ती, इहीनबाई म्हनून तिलेई पाट होता, टिळा होता, सारं होतं. तिनं तो इस्क्रूचा ढीग पायला, पदर सावरला, अन् म्हंते, "इहीनबाई, भंगार आमच्या मंगरुळातई भेटते. त्याच्यासाठी जपानले कायले जा लागते?"

सासूबाईनं डोयाले पदर लावला. सासरे आपल्या चपलाईकडे पाहात उभे. अन् आमची बायको दुर्गा, तुपाची वाटी हाती घेऊन दारात उभी होती... तिचं तोंड पायलं म्या. भावानं येवढ्या दूरून मायेनं धाडेल वान, अन् सासूनं चार गावच्या लोकाइसमोर त्याले भंगार म्हनलं. ते रडली असती तं बरं झालं असतं. रडली नाई. निस्ती वाटी धरून उभी राह्यली. मले ते बाई आवडते वो, बायको असली तरी!

मंग मी उठलो. पाटावरून उठलो! अर्ध्या वानातून जवाई उठला तं अपशकुन, बाया म्हनाल्या, "बसा, बसा!" म्या म्हनलं, बसत नाई! पुड्या बांधून देल्ल्या हायेत, म्हंजे गाडी फुटेल नाई, ते सुटी हाये, अन् मी तिले जोडीन. हा महिना सराच्या आंदी, याच आंगनात, चालवून दाखवीन, अन् तवाच वान घेईन, तवाच अनारसा खाईन! गाडी चालनार म्हंजे चालनार!

बोलून तं बसलो. मंग सासऱ्याचं तोंड उतरलं ना. कारन महिना सरला अन् जवायानं वान नाई घेतलं, तं धोंडा अर्धाच राह्यला! मंग बसा तीन सालं, डोक्श्यावर ते अर्धं वान घेऊन. अन् गाव काय म्हनंन? मारोतरावचा जवाई उपाशी उठला. तवा कुठी मले समजलं का म्या काय बोललो. पन आता मांगं फिरतो का? मी?

आता माही लायकी आयका. मी पंचायत समितीत कारकून. या हातानं जन्मात सायकलचा पंचर काढेल नाई. घरातला दिवा गेला तं मी ऑफिसात जाऊन बसतो, कोनीतरी येऊन लावते तोवर. अन् मी जोडनार जपानची गाडी! खोक्यात एक पुस्तक होतं, अक्षरं अशी का जशी कोंबडी शाईत पाय बुडवून चालली. एक शबुद वाचता येईन तं शपथ! पन चित्रं होते. एक हात, त्या हातात इस्क्रू, त्या इस्क्रूवर बाण. म्या म्हनलं, चित्र तं चित्र. हात मलेई हाये, इस्क्रूई हाये, बाण मनानं समजून घेऊ.

घरी आलो, मंगरूळले, माजघरात पाट मांडला, पाटावर धुतेल धोतर आंथरलं, अन् सारं मांडलं. ऑफिसातून आलो का पाटावर. जेवलो का पाटावर. इस्क्रू कसे म्हनता? मोहरीएवढे! बोटानं धरला तं बोटात दिसत नाई, सोडला तं घरात दिसत नाई. एक पडला का मी जमिनीवर पालथा, हातात कंदील, अन् बुढी वरून, "वाकून वाकून काय शोधते रे, अक्कल सांडली काय?" तिचं तोंड काई थांबे नाई. झाडू घेतला का मी वरडो, "झाडू नको! माय, झाडू नको!" तं म्हने, "घर का आता तुह्या भंगारासाठी उकिरडा करून ठेवू?" तिनं भंगार म्हनलं का सयपाकघरात दुर्गाच्या बांगड्या थांबत. अन् त्या बांगड्या थांबल्या का मी अजून जोरात इस्क्रू आवळो. चालनार म्हंजे चालनार!

एक इस्क्रू तं गेलाच. समोरच्या चाकाचा. त्याच्याबिगर चाक लचकत होतं. दोन दिवस शोधला, मोरीत शोधला, उखळात शोधला. तिसऱ्या दिवशी बुढी उडदाची दाळ निवडून राह्यली, अन् एकदम सुपातून काईतरी उचललं, डोयाजवळ नेलं अन् माह्या पाटावर टाकलं. "घे. दाळीत गेला असता तं माहा उरला तोबी दात गेला असता." बस. एवढंच बोलली. पन फेकून नाई देल्ला, आनून देल्ला, हे म्या ध्यानात ठेवलं.

मंग आली गाडीची साल. म्हंजे वरचं टप्पर हो, जे बाहेरून गाडी दिसते ते. चित्रात लालभडक, अन् खोक्यातून निंगालं काचेसारखं आरपार! म्या सकाळी पाटावर ठेवलं, संध्याकाळी ऑफिसातून येतो तं गायब! शोधलं, शोधलं... तं सयपाकघरात दह्याच्या गंजावर झाकन! बुढी म्हंते, "बरं हाये, दही जमलं का नाई ते न उघडता दिसते." म्या म्हनलं, माय, ते मोटारीचं टप्पर हाये. तं म्हंते, "मंग सांगाव ना. मले तं त्या साऱ्यात एवढं एकच कामाचं वाटलं."

टप्पर धुतलं. आता रंग. रंग कुठून आना? बजारात इचारलं, गाडीचा लाल रंग हाये का? दुकानदार म्हंते, "पोयाचा हाये." बैलाच्या शिंगाईले लावतात ना, तो. चकचकीत, लाल. म्या म्हनलं, बैलाच्या शिंगाले चालते तं जपानले काहून नाई चालनार? आनला. लावला. अहाहा! सुकला तं असा देखना, का शेजारचे पाहाले आले. अन् दुसऱ्या दिवशी टप्पर बसवाले म्हनून जरासं वाकवलं... तं रंग निंगाला ना! पापडासारखा! मोठ्ठे मोठ्ठे पापुद्रे, बोटानं धरा अन् ओढा! मी हातात लाल पापुद्रा घेऊन बसलो. बुढी म्हंते, "कात टाकली वाटते."

तवा दुर्गा पहिल्यांदा पाटापाशी आली. पुस्तक उचललं, चित्रावर बोट ठेवलं अन् म्हंते, "अवो, हा मानूस ब्रश आतून फिरवून राह्यला ना?" पायलं. खरंच! टप्पर उलटं धरेल, ब्रश आतमंधी! म्हंजे रंग आतून लावाचा, अन् पाहाचा बाहेरून! आता हे कोनाच्या सपनात येईन? भीत रंगवाले घराच्या आत रंग लावतात काय बाहेरून दिसाले? पन म्या म्हनलं, ठीक हाये, जपान म्हंते आतून, तं आतून. आतून झाडून पुसून लाल लावला. सुकला. मंग त्याच्यावर पांढरे पट्टे ओढले, चित्रातल्यासारखे, मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून, हात हालू न देता... अन् टप्पर उलटं केलं. पट्टे कुठी हायेत? नाईत! अहो कसे असतीन? आंदी लाल लावला, तो बाहेरून दिसते. पट्टे त्या लालच्या मांगं! पट्टे आंदी ओढा लागत होते अन् लाल मंग! सारंच उलटं! मी टप्पर आतून पायलं तं पट्टे, बाहेरून पायलं तं गायब, आतून पट्टे, बाहेरून गायब... अन् दुर्गाले हासू आलं. त्या वानाच्या दिवसापासून पहिल्यांदा. असं हासली, असं हासली, का खाली बसली, पदर तोंडात धरला, डोयातून पानी. म्या म्हनलं, पट्टे गेले खड्ड्यात! हे हासली ना! मंग घासलेट घेतलं, चिंधी घेतली, दोघाईनं बसून सारं पुसलं, अन् पुन्ना लावलं. आंदी पट्टे, मंग लाल. अन् बाहेरून पायलं तं... काय सांगू तुमाले, काचेच्या आत रंग ठेवल्यासारखा! मी टप्पर रात्री उशापाशी घेऊन झोपलो.

तरी चालून कुठी राह्यली! गाडीले आपली बॅटरी, अन् ते भराची कशी? पुस्तकाचं पान काढलं तं चित्रात एक साहेब आपल्या मोठ्या मोटारीचं बोनट उघडून, तिच्या बॅटरीले दोन चिमटे लावून, हासत उभा. हासते! म्हंजे उलशी गाडी चालवाची तं आंदी घरी मोठी गाडी पायजे! मंगरुळात मोठी गाडी कोनापाशी? साहेबाइच्या जीपा, त्याइले हात लावला तं माही बदली होईन. मंग मी एस.टी.त बसून गेलो शेलूबजारले, धनसिंगपाशी. धनसिंगची जीप शेलू ते मंगरूळ सवारी मारते. भला मानूस. म्या म्हनलं, धनसिंगभाऊ, बोनट उघडा. तं म्हंते, "काहून? काई बिघडलं काय?" सारं सांगतलं. धोंड्याचं, भंगाराचं, दुर्गाचं. त्यानं सरळ बोनट वर केलं.

आता जीपीत सवाऱ्या बसलेल्या, ठसाठस, टपावर दोन, मांगं लटकेल तीन, अन् इंजिन चालू, अन् जीप उभी! कोनी म्हंते, "धनसिंग, निंग ना बाप्पा!" धनसिंग म्हंते, "थांबा जरा. लेकराले पाजून राह्यलो." सारे उतरून पाहाले आले. गाडी पायली, तिले दुरून चालवाचा डब्बा पायला, डब्ब्यातून निंगनारी लांब काडी पायली. एकजन, कोनत्यातरी शाळेचा मास्तर असावा, चष्मा सावरून म्हंते, "हे रेडिओवर चालते म्हनता? मंग लायसन काढलं काय?" आता रेडिओले लायसन लागते हे खरं, पोस्टात जाऊन भरा लागते. अन् मी सरकारी मानूस! म्या म्हनलं, गुरुजी, याच्यावर गाने नाई लागत. "बातम्या?" बातम्याई नाई लागत. "मंग लागते काय?" म्या म्हनलं, गुरुजी, सध्या तं मलेच लागून राह्यली! पन बिनलायसनची का होईना, चालनार म्हंजे चालनार!

घरी आनली. माजघरात ठेवली. देवाले हात जोडले. डब्ब्यावरची दांडी पुढं केली... अन् गाडी मांगं गेली! दांडी मांगं ओढली तं गाडी पुढं! पुढं म्हनलं का मांगं, मांगं म्हनलं का पुढं. मले वाटलं, हे आमच्याच ऑफिसात लागली काय! पन म्हनलं, मरू दे, चालली तं! चालली ना! हालली! माह्या हातानं जोडेल वस्तू आपल्या पायानं हालली! मी माजघरात नाचलो, सदरा-पायजम्यावर नाचलो, दुर्गानं टाळ्या वाजवल्या, अन् बुढी उंबऱ्यात बसून म्हंते, "मांगं मांगं चालते. भुतं तसेच चालतात." मंग म्या मोटारीच्या दोन तारा काढल्या, इकडची तिकडं केली, तिकडची इकडं. अन् आता पुढं म्हनलं का पुढं! कोनी शिकवलं? कोनीच नाई! मी, जगदेव, ज्याले दिवा लावता येत नाई!

महिना सरत आल्ता. सुट्टी टाकली. बुढी म्हने, "मी नाई येत, मले नाई पाहाचं," अन् एस.टी. लागली तं सर्वात आंदी जाऊन खिडकीची जागा धरली.

आसेगावले पोचलो तं आंगन सारवून, चोपून, पोयपाटासारखं करेल. सासऱ्यानं सवता केलेलं. अन् गर्दी मांगच्यापेक्षा दुप्पट! कारन मांगं मोटार पाहाले आल्ते, आता जवायाची फजिती पाहाले आल्ते. म्या गाडी खाली ठेवली, काडी लांब केली, अन् दांडीवर आंगठा ठेवला... तं सासूबाई धावत आल्या, "थांबा! पूजा कुठी झाली? नवी गाडी पूजेबिगर चालवतात काय?"

आता तुमीच सांगा, याले काय म्हनाव? पन खरंच हाये, आपल्याकडे नवी सायकल आली तरी पूजा होते, तं हे जपानची! बरं, करा पूजा. हार आनला. हार गाडीले घातला तं गाडीच गायब, निस्ता झेंडूचा ढीग! हार बाजूले ठेवला. हळद-कुंकू लावलं. मंग सासऱ्यानं नारळ उचलला, दोन्ही हातानं डोक्श्यावर नेला, अन् बोनटाचा नेम धरला! बोनटाचा! बैलबंडीच्या लोखंडावर फोडतात तसा! मी आडवा पडलो ना गाडीवर! "मामाजी! काचंसारखं टप्पर हाये! आत तारा हायेत!" त्याईनं नारळ कसाबसा बाजूच्या दगडावर फोडला, पानी माह्या पाठीवर. म्या म्हनलं, हरकत नाई, गाडी कोरडी हाये.

अन् मंग लिंबू! चाकाखाली लिंबू ठेवाचे, गाडी त्याच्यावरून गेली का इडापिडा टळली. सासूबाईनं चार लिंबू आनले, घरच्या झाडाचे, भरेल, टपोरे, मोठ्ठे. चार चाकं, चार लिंबू. पन चाक येवढंसं अन् लिंबू एवढा! ठेवले कसेतरी अन् गाडी लिंबावर चढून बसली, पोट टेकलं, चारी चाकं हवेत. मी दांडी पुढं केली. घर्रर्र... चाकं फिरून राह्यले, भन्नाट फिरून राह्यले, अन् गाडी जागच्या जागी! गर्दीतून एकजन म्हंते, "फिरून तं राह्यली, पन चालून नाई राह्यली!" सारे हासले. म्या लिंबू काढाले हात घातला, तं सासरे वरडले, "काढू नका जवाईबुवा! ठेवेल लिंबू काढला तं अपशकुन!" म्हंजे ठेवला तं चालत नाई, काढला तं अपशकुन! गाडी चांगली, बॅटरी भरेल, तारा बरोबर, रंग आतून, सारं बरोबर, अन् सारा धोंडा अडकला चार लिंबात! सासूबाई रडाले आल्या, त्याइनंच ठेवले ना लिंबू. दुर्गा माह्या मांगं उभी होती, तिचा श्वास मले आयकू येत होता. माह्या हातातला डब्बा घामानं ओला. म्या म्हनाले गेलो, चालनार म्हंजे... निंगेच ना.

तवा आमची बुढी उठली. पाटावरून उठली, कंबर धरून गेली आंगनाच्या कोपऱ्यात, कडूनिंबाखाली, खाली वाकली. साऱ्याइले वाटलं, गेली वाटते रागानं. आली ते मूठ बंद करून. गाडीपाशी बसली. एक चाक उचललं, लिंबू काढला, त्याच्या जागी मुठीतली पिवळी निंबोळी ठेवली. दुसऱ्या चाकाखाली निंबोळी. तिसऱ्या, चौथ्या. अन् सासूबाईइले म्हंते, "इहीनबाई, उलशा लेकराले कोनी भाकरीचा थप्पा देते काय? त्याले त्याच्या मापाचा घास द्या लागते. पिवळं हाये, गोल हाये, आत रस हाये. काई अपशकुन होत नाई. मी सांगतो." अन् माह्याकडे न पाहताच म्हंते, "चालव रे."

म्या दांडी पुढं केली. पट! पट! चारी निंबोळ्या फुटल्या अन् गाडी सुटली! अशी सुटली, अशी सुटली, का कोंबड्या छपरावर, बैल दावं तोडाले आला, अन् फजिती पाहाले आलेले लोकं एकमेकाच्या पायावर! एक चक्कर, दोन चक्कर, सासूबाईच्या पायापासून सासऱ्याच्या पायापाशी, तठून वळली, पुढं म्हनलं का पुढं, डावी म्हनलं का डावी, अन् मंग म्या तिले हळूच नेली अन् दुर्गाच्या पायापाशी उभी केली. दुर्गानं खाली वाकून तिले लेकरासारखं उचललं. तेवढ्यात बुढी सगळ्यायले आयकू जाईन अशा आवाजात म्हंते, "इहीनबाई, अंबादासनं वान चांगलं धाडलं. मी त्या दिवशी वंगाळ बोलली." बस! दुर्गा आता रडली. चार गावच्या लोकाइसमोर रडली, अन् मलेई... जाऊ द्या. म्या पाटावर बसून अनारसा खाल्ला. अर्धा धोंडा पुरा झाला. सासऱ्यानं असा श्वास सोडला का मिशा हालल्या.

आता गाडी मंगरुळले हाये. ऐतवारी आंगनात चालते. मले नाई भेटत चालवाले. बुढी चालवते. मांजराच्या मांगं लावते अन् हासते.

इथपर्यंत सारं गोड. इथी थांबलो असतो तं मी सुखी मानूस. पन आसेगावात काय झालं, का सारं गाव म्हनाले लागलं, मारोतरावच्या जवायाले जोडाची लय हौस! सुटी वस्तू देल्ली तं जवाई खुश, पाटावरून उठून नाचते! सासरे मनात धरून बसले ना! अन् त्याइच्या मनात अजून एक, का धोंड्याले देल्लं ते पोरानं देल्लं, आपल्या हातचं वान जवायाले गेलंच नाई.

मंग या उन्हाळ्यात बलावलं आंब्याचा रस खायले. गेलो. ऊन असं का भिताडं तापून राह्यले, पानी पेलं तं घामानं बाहेर. रस खाल्ला, पुरनपोळी खाल्ली, आंगातून धारा. अन् सासऱ्यानं आतून पोतं आनलं. हासत, लाजत, पोतं माह्यापुढं ठेवलं. "जवाईबुवा, हे माह्याकडून. पंखा हाये. छताचा. अकोल्याहून आनला." माह्या डोयात पानी आलं, खरंच आलं! एवढ्या उन्हात पंखा! म्या पोत्यात हात घातला... एक पात. दुसरं पात. तिसरं. दांडी. वाट्या. तारा. अन् एका पुडीत इस्क्रू!

म्या म्हनलं, मामाजी, हे... सुटा कसा? तं सासरे जवळ सरकले, माह्या खांद्यावर हात ठेवला, चेहऱ्यावर असं समाधान का काय सांगू, अन् म्हंते, "चालत होता जवाईबुवा, लय गार हवा देत होता! दुकानवाला तं फुकटात फिट करून देतो म्हने. म्याच नाई म्हनलं. म्या सवता बसून, एक एक इस्क्रू काढून, सारा सोडवला. म्हनलं, तुमची मजा कायले घालवा!"

सारं घर हातपंखे हालवत माह्याकडे पाहून राह्यलं, हासून राह्यलं, वाट पाहून राह्यलं. मंग काय करता? म्या सदरा काढला, घाम पुसला, अन् म्हनलं, मामाजी... पाना आना.